डोलकाठीचे तणावे

फौजी माणसाला तंबूचा तणावा समजावून सांगावा लागत नाही. एक खुंटी ढिली राहिली की रात्रीच्या वादळात काय होतं, ते प्रत्येकाने भोगलेलं असतं. सिकंदराबादच्या पोस्टिंगमध्ये हुसेनसागरवर शिडाची बोट शिकलो, तेव्हा तीच विद्या पाण्यावर भेटली.

आमची बोट एंटरप्राइज जातीची. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ मध्ये आखलेली, लांबी जेमतेम सव्वातेरा फूट. डोलकाठीला तीन तारा : एक पुढे, दोन बाजूंना. उस्ताद आधी टेप काढायला लावत. शीड चढवायच्या दोराला टेप बांधून वर न्यायची आणि दोन्ही काठांपर्यंतचं अंतर मोजायचं. माप सारखं आलं म्हणजे काठी मधोमध. मग तीच टेप बोटीच्या मागच्या फळीपर्यंत. त्यावरून काठी मागे किती कलली ते कळतं. जास्त कलली तर बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते आणि सुकाणू धरून हात भरून येतो. फरक काढायचा तो पट्टीवरची पिन एखादं भोक वर-खाली करून.

एवढी काटेकोरी कशाला? तार आणि काठी यांच्यातला कोन फार लहान असतो. तो १२ अंश धरला, तर वाऱ्याच्या आडव्या ओढीच्या जवळजवळ पाचपट ताण तारेवर येतो. तो सगळा भार शेवटी करंगळीहून बारीक पिनेवर.

पूर्वी हे तणावे तागासारख्या धाग्यांच्या दोरांचे असत. भिजले की आवळत, सुकले की सैल पडत. त्यामुळे खलाशांना ते पुन्हा पुन्हा ताणावे लागत. अरबी समुद्रातल्या तिरक्या शिडाच्या गलबतांवर तर वाऱ्याच्या बाजूचेच तणावे ताणून ठेवत. बोटीने बाजू बदलली की तेही बदलायचे. १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्ट्‌झच्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारेचा दोर तयार केला. पुढे तो जहाजांवर आला आणि रोजची ताणाताणी कमी झाली. पण एक धोका वाढला. दोर झिजला की धागे सुटलेले दिसतात, तार मात्र जोडाच्या आत, नजरेआड कुजते.

काठी गेली तर काय होतं, हे आपल्या नौदलाच्या कमांडर अभिलाष टॉमी यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये सोसलं. गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना उचललं. थुरिया गोव्यात बांधलेली, मुंबईत घडलेल्या ‘सुहैली’च्या धर्तीवर. त्या समुद्रापुढे नीट ताणलेली काठीही टिकेलच असं नाही. तरी हाच माणूस २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला.

हुसेनसागरवर काठी पडली तर फार तर भिजून परत यायचं. तरीही उस्ताद पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक पिन बोटाने चाचपायला लावत, तिची कडी बसली आहे ना ते बघत, वर चिकटपट्टी गुंडाळून घेत. निवृत्त मित्रांपैकी कुणी आता तलावावर किंवा खाडीत हौसेने शीड लावत असेल, तर त्याने हंगामाच्या सुरुवातीला तारांचे जोड उघडून बघावेत. गंजाचा तांबूस डाग किंवा एक तुटलेला तंतू दिसला, तरी ती तार बदलावी.