बिजायाच्या जकात कचेरीतले नऊ आकडे

मुसलमानांचा इतिहास मराठीत वाचायला घेतला की बहुधा दोनच गोष्टी हाती येतात. एक तर तलवारींचा खणखणाट, नाहीतर गेलेल्या वैभवाचे उसासे. बगदाद पडले, गरनाता गेला, आणि आपण हळहळत बसलो. या दोहोंच्या मधे जी माणसे रोज दुकान उघडत होती, गलबतातला माल मोजून घेत होती, मुलांना हिशेब शिकवीत होती, त्यांच्याकडे फारसे कुणी वळत नाही. ती माणसे पाहायची असतील तर आम्ही अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील बिजाया या बंदराकडे बोट दाखवू.

गुराया डोंगराच्या पायथ्याशी, सुम्माम नदीच्या मुखाजवळ हे शहर वसले आहे. रोमन काळात त्याचे नाव सालदाय होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे पाणी आणण्यासाठी डोंगरातून 428 मीटरचा बोगदा खोदला गेला. खोदणाऱ्या दोन टोळ्या दोन्ही बाजूंनी निघाल्या आणि डोंगराच्या पोटात एकमेकींना चुकल्या! नोनियस दातस नावाच्या लष्करी मोजणीदाराला बोलावणे गेले. वाटेत त्याला लुटारूंनी नागवले, जखमी केले. तरी तो पोहोचला आणि काम मार्गी लावले. ही सारी हकीकत दगडावर कोरलेली आहे. सरकारी कामाची इतकी मोकळी कबुली आजही क्वचितच वाचायला मिळते.

रोमनांनंतर वांडाल आले, बिझंटाईन आले, अरब आले. पण शहराचे भाग्य उजळले ते 1067 च्या सुमारास. हम्मादी घराण्याचा अमीर अन-नासिर याने येथे नवे शहर वसवले आणि 1090 मध्ये त्याचा मुलगा अल-मन्सूर याने राजधानीच येथे आणली. हे घराणे बर्बर होते, अरब नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे. आसपासच्या डोंगरात जहाजांसाठी लाकूड, राळ आणि लोखंड मिळे, असे भूगोलकार अल-इद्रीसीने बाराव्या शतकात नोंदवले आहे. अंदलुसमधून उठून आलेली कुटुंबेही पुढे येथेच स्थिरावली. सूफी अबू मद्यन यांनी अनेक वर्षे येथे शिकवले. सातव्या हिजरी शतकात या एका शहरात वावरलेल्या विद्वानांवर अल-गुब्रीनी या काझीने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून येथल्या इल्मची कल्पना यावी.

याच अन-नासिरने आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती रयतेसाठी धर्मगुरू नेमून द्यावा अशी विनंती रोमला केली होती. 1076 साली पोप सातवा ग्रेगरी याने त्याला पत्र लिहिले. आपण दोघेही एकाच ईश्वराला मानतो, फक्त रीत वेगळी आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. दोनच वर्षांपूर्वी हाच पोप पूर्वेकडे सैन्य नेण्याचे बेत करीत होता! म्हणून त्याला भाबडा म्हणण्याचे कारण नाही, व्यवहारही असणारच. पण 1965 मध्ये व्हॅटिकनने अन्य धर्मांविषयी जाहीरनामा काढला तेव्हा मुसलमानांवरील परिच्छेदाखाली या पत्राचा हवाला दिला. नऊशे वर्षे ते पत्र जिवंत राहिले.

1152 मध्ये अल-मुवह्हिदांनी बिजाया घेतले. राज्य बदलले, व्यापार चालूच राहिला. इटलीतील पिसा या शहराने 1186 मध्ये त्यांच्याशी तह केला. त्यात पिसाच्या व्यापाऱ्यांना खुल्या असलेल्या मोजक्या बंदरांत बिजाया होते. बारावे शतक सरत आले होते, तिकडे शाममध्ये क्रुसेडची युद्धे चालू होती आणि इकडे जकात कचेरीत पिसाचा एक अधिकारी आपल्या व्यापाऱ्यांचे कामकाज पाहत होता. या कचेरीला अरबीत 'दीवान' म्हणत. इटालियनांनी त्याचे 'दोगाना' केले, आपल्याकडे तोच शब्द दिवाण होऊन आला. त्या अधिकाऱ्याने आपल्या मुलाला हिशेब शिकायला पिसाहून बोलावून घेतले. मुलाचे नाव लिओनार्दो, पुढे जग त्याला फिबोनाची म्हणू लागले. बिजायात त्याला नऊ हिंदी आकडे आणि शून्य शिकवले गेले. 1202 मध्ये त्याने 'लिबेर अबाची' हा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या आरंभीच हे आकडे हिंदूंचे असे सांगून टाकले. त्याला शिकवणाऱ्यांनी श्रेय लपवले नव्हते, म्हणूनच तो ते देऊ शकला. नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मीनेही ही गणनपद्धती हिंदी म्हणूनच सांगितली होती. युरोपने मात्र पुढे त्यांना 'अरबी आकडे' म्हटले. 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला बंदी घातली, हा भाग निराळा.

येथे एक पंतोजीपणा करू द्या. उर्दूत आकड्याला 'हिंदसा' म्हणतात आणि तो 'हिंद'वरून आला असे आम्हा उर्दू शिक्षकांत छातीठोकपणे सांगितले जाते. ते खरे नाही. अरबी 'हंदसा' म्हणजे भूमिती, आणि तो फारसी 'अंदाजा'तून आला. मराठीतला 'अंदाज' त्याचाच भाऊ. हिंदुस्थानच्या श्रेयासाठी असल्या उसन्या पुराव्यांची गरज नाही.

इब्न खल्दून 1365 मध्ये येथल्या अमीराचा हाजिब, म्हणजे मुख्य कारभारी झाला. तो सकाळी राज्यकारभार पाही, मग कसब्याच्या मशिदीत शिकवी, आणि डोंगरातल्या टोळ्यांकडून सारा वसूल करायलाही स्वतः जाई. वर्षभरातच अमीर आपल्या चुलतभावाशी लढताना मारला गेला आणि इब्न खल्दूनने शहर त्या विजेत्याच्या हवाली केले. बारा वर्षांनी, 1377 मध्ये, त्याने 'मुकद्दिमा' लिहिला. राज्ये कशी उभी राहतात व कशी ढासळतात हे त्याने केवळ पोथ्यांतून शिकले नव्हते.

1510 मध्ये स्पॅनिश आरमाराने शहर जिंकले. ते परत घेण्याच्या प्रयत्नात 1512 मध्ये अरूज बार्बरोसाने एक हात गमावला. 1555 मध्ये उस्मानी सत्तेच्या सालिह रईसने ते सोडवले. पण तोवर व्यापार अल्जियर्सकडे वळला होता. 1833 मध्ये फ्रेंच आले. 1871 च्या कबायली उठावानंतर त्यांनी जमिनी जप्त केल्या. मे 1945 मध्ये जवळच्या खर्राता भागात मोठा नरसंहार झाला. ऑगस्ट 1956 मध्ये याच सुम्मामच्या खोऱ्यात, इफ्री गावी, स्वातंत्र्ययुद्धाच्या नेत्यांनी गुप्त परिषद भरवली. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला. सहाराचे तेल 1959 पासूनच नळाने या बंदरात येऊ लागले होते.

हम्मादी तटबंदीचा 'बाब अल-बहर', समुद्राकडचा दरवाजा, अजून उभा आहे. फ्रेंच लोक या शहराला 'बूजी' म्हणत, आणि मध्ययुगात येथून मेण युरोपात जाई, म्हणून फ्रेंच भाषेत मेणबत्तीचे नाव 'बूजी' पडले. आजही पॅरिसच्या दुकानात मेणबत्ती याच नावाने मागतात. मोटारीच्या स्पार्क प्लगलाही तेथे बूजीच म्हणतात.