दावा, फिर्याद आणि सूनर

‘दावा’ मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. धातूचा अर्थ हाक मारणं. दुवा आणि दावत ही त्याचीच भावंडं. (गुरांच्या गळ्यातलं दावं या कुळातलं नव्हे.) ‘फिर्याद’ ही फारसीतली आर्त हाक, आणि इंग्रजी ‘क्लेम’च्या मुळाशीही लॅटिनमधलं ओरडणंच. मराठीने आणखी एक केलं: दावा कोर्टात लावतात तसा भाऊबंदांशी मांडतातही. ‘उभा दावा’ म्हणजे सरळ वैर. जमिनीच्या कज्ज्यात हे दोन अर्थ वेगळे काढणं अवघडच.

२२ एप्रिल १८८९ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमात तर सगळा कारभार आधी पोचेल त्याच्या हाकेवर चालला. सुमारे वीस लाख एकर सरकारी जमीन, सीमेवर ताटकळलेले हजारो लोक. दुपारी बाराला बिगुल वाजले, बंदुकांचे बार झाले आणि घोडे, गाड्या सुसाट सुटल्या. आधी पोचून खुंट ठोकेल त्याला १६० एकरांपर्यंत हक्क सांगता येई. पण कित्येक जागांवर कुणीतरी आधीच हजर! ओढ्या-झुडपांत लपून राहिलेले हे लोक म्हणजे ‘सूनर’. ‘सून’ म्हणजे लवकर, म्हणून ठरल्या वेळेआधी घुसलेला तो सूनर. तेव्हा ती शिवीच होती. अशा माणसाला तिथली जमीन कधीच मिळणार नाही, असं कायदा बजावत होता. तंटे मग वर्षानुवर्षं चालले.

खरा पेच आत राहायची मुभा असलेल्यांचा. एडमंड इथे रेल्वेचा एक कामगार रेल्वेच्याच पट्ट्यात तंबू ठोकून राहत होता. बारा वाजले, तो पट्ट्याबाहेर आला आणि शेजारच्या जमिनीवर हक्क सांगून बसला. १८९३ साली सुप्रीम कोर्टाने त्याला अपात्र ठरवलं. राहणं कायदेशीर, पण त्या राहण्याचा शर्यतीत फायदा उठवणं नाही. निकाल कठोर, तरी मला पटतो. नाहीतर सीमेवर थांबलेला प्रत्येकजण मूर्ख ठरला असता.

सूनरचा कलंक फार टिकला नाही. १९०८पासून ओक्लाहोमा विद्यापीठाचे संघ हेच नाव अभिमानाने मिरवतात. पण शर्यतीतली ही जमीन मुळात ज्या क्रीक आणि सेमिनोल लोकांकडून गेली, त्यांना १८६६च्या तहांत सांगितलं होतं की तिथे इतर आदिवासी जमाती आणि मुक्त झालेले गुलाम वसवायचे आहेत.