धुळ्याचं राजवाडे मंडळ आणि आपली पेटी

इतिहास संशोधन मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुणं येतं. साहजिक आहे. पेशव्यांचं गाव, भारत इतिहास संशोधक मंडळ तिथलं, १९१० सालचं. पण ते ज्यांनी खंडो चिंतामण मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन स्थापन केलं, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी शेवटचा मुक्काम केला तो धुळ्यात. पुण्याच्या मंडळींशी त्यांचं पटेना. (त्यांचं फार काळ कुणाशी पटलं असं दिसत नाही. असो.) ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले.

धुळं तेव्हा केवढं असेल? कॅप्टन ब्रिग्जनं १८१८ नंतर खानदेशचा कारभार धुळ्यात आणला आणि आखून पेठ वसवली. गल्ल्यांना अजून नंबरच आहेत. राजधानी नाही की मोठं संस्थान नाही. पण गावात शंकर श्रीकृष्ण देवांसारखा माणूस होता. वकिली सांभाळून त्यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी मठांतून बाडं गोळा करण्यात जन्म घालवला. कागद जमवणारा माणूस वेडा नसतो, हे धुळेकरांना राजवाडे येण्याआधीपासून माहीत होतं!

तर राजवाडे गेले आणि मागे राहिली त्यांची दप्तरं. संसार नाही, इस्टेट नाही. नुसते कागद. अर्धवट राहिलेला धातुकोश, टिपणं, पोथ्या. असे कागद कुठे जातात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आधी माळ्यावर, मग वाळवीकडे, उरलेले बंबात. तसं झालं नाही, कारण धुळ्यातल्या लोकांनी काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. तो धातुकोश कृ. पां. कुलकर्ण्यांनी संपादित केला आणि १९३७ साली छापून निघाला. पुढे १९९० च्या दशकात मु. ब. शहांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य तेरा खंडांत याच मंडळानं काढलं. एका गावानं एका माणसाचे कागद साठसत्तर वर्षं सांभाळले, एवढाच याचा अर्थ. मला तो फार मोठा वाटतो.

मंडळाचं संग्रहालयही आहे. खानदेशात मिळालेल्या मूर्ती, नाणी, ताम्रपट, पोथ्या. मुंबईच्या म्युझियमचा थाट इथे शोधू नये. इथली मूर्ती आपल्याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी शिवारातून आलेली असते, आणि बघणाऱ्याला तो गाव एसटीच्या पाटीवर वाचून ठाऊक असतो. ही मजा मोठ्या संग्रहालयात नाही.

अशा मंडळांचा खरा उत्सव म्हणजे सभा. पुण्याच्या मंडळाची जुनी इतिवृत्तं आणि संमेलनवृत्तं कुठे मिळाली तर जरूर चाळा. पाक्षिक सभेला कुणी घरची सनद आणतो, कुणी वतनाचा महजर, उभा राहून वाचून दाखवतो आणि बसतो. मग बाकीचे त्यावर तुटून पडतात. तारीख बरोबर का, शिक्का खरा का? निम्म्याहून अधिक मंडळी इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. वकील, मास्तर, इनामदार.

तारखेवरून भांडण का होतं, ते सांगतो. जुन्या पत्रांवर बहुधा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, 'छ' लिहून, आणि साल पुष्कळदा नसतंच. असलं तर शुहूर सन, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. उत्तर येतं १७६०-६१, म्हणजे पानिपतचं साल. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला तो १७५० ते १७६१ च्या अशाच पत्रांचा. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या वेळचा चिटोरा मोलाचा, हा त्यांचा हट्ट होता. पण चिटोऱ्याचं साल लावता आलं नाही तर त्याचा उपयोग किती? म्हणून चार जाणकार एका ठिकाणी बसावे लागतात.

आता घरच्यांसाठी. आपल्या पेटीत मोडी कागदांची तीन बासनं आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. आत्याचं म्हणणं, घरचं घरात राहावं. धाकट्या काकांना ते मंडळाला देऊन टाकायचेत. दोघांचंही मला पटतं, पण आज घरात एकालाही मोडी येत नाही. शाळेतून ती गेली त्याला सहासात दशकं झाली. न वाचता येणारा कागद आपण सांभाळतोय की नुसता अडवून धरतोय? माझं मत द्यावेत असंच आहे. आत्याला राग येईल, पण तिनं निदान प्रत्येक कागदाचे फोटो काढू द्यावेत. मंडळाकडून यादीवर सही-शिक्का घेऊ. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, भाचरांपैकी कुणी एकानं तरी शिकावं, फी माझ्याकडून.

दिवाळीला सगळे जमू तेव्हा पेटी उघडू. बासनांचा क्रम मोडायचा नाही. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, हाही पुरावाच असतो. फाटलेले तुकडे तसेच पाकिटात ठेवायचे. लॅमिनेशन नाही, आणि चिकटपट्टी तर कुणी घेऊनच येऊ नका.