उचललेल्या झाडाची शुश्रूषा

नागपुरातल्या धरमपेठेसारख्या जुन्या वस्तीत नवी इमारत उभी करायची म्हटली, की अंगणातला एखादा गुलमोहर आडवा येतोच. शहरातले झाड मनास येईल तसे तोडता येत नाही. 1975 पासून त्यासाठी कायदा आहे. मग कोणी ते मुळासकट उचलून दुसरीकडे नेऊन लावतात. उचलताना साखळीने साल सोलली जाते, फांदी मोडते. अशा जखमी झाडाचे करायचे काय?

गुलमोहर तसा मूळचाच प्रवासी, बरं का. त्याचे घर मादागास्करात. बोहेमियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बोजर यांना तो तेथे 1820 नंतरच्या दशकात आढळला, आणि पुढे तो उष्ण देशांत सर्वत्र पसरला. पण तो बहुधा बियांनी आला. वाढलेले झाड हलवायचे, ही गोष्ट निराळी.

तिचाही विचार आपल्याकडे झालेला आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्यायच घातला. झाड हलवण्यापूर्वी मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा, असे तो सांगतो. रोगट भाग आधी शस्त्राने काढावा, मग वावडिंग, तूप व चिखल लावावा. आणि पाणी? उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, पावसाळ्यात जमीन सुकली तर. माझ्या मते त्या लेपापेक्षा पाण्याचे हे वेळापत्रकच मोलाचे.

गंमत अशी, की शेणाचा हा लेप पुढे इंग्लंडातही निघाला. राजाच्या बागेचा माळी विल्यम फोर्सिथ याने 1791 मध्ये आपली कृती छापली: ताजे शेण, जुन्या इमारतीचा चुना, लाकडाची राख आणि वाळू. आरमाराला ओकचे लाकूड हवे होते, तेव्हा पार्लमेंटच्या सांगण्यावरून त्याला पंधराशे पौंड मिळाले! थॉमस नाइट या बागतज्ज्ञाने मात्र त्याच्या दाव्यांवर तेव्हाच हल्ला चढवला. आरमाराच्या लाकडाची चिंता मराठ्यांनाही होती. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, अशी ताकीद आहे. एकीकडे लेपाला बक्षीस, दुसरीकडे कुऱ्हाडीला आवर. मला दुसरे अधिक शहाणपणाचे वाटते.

लेपाचा निकाल लागला तो विसाव्या शतकात. अमेरिकेच्या वनखात्यातले अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून पाहिली. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालते आणि तिच्यावरून नवे लाकूड चढवते. डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही. म्हणून सालीची लोंबती कड धारदार चाकूने साफ करा आणि जखम उघडी ठेवा. मोडकी फांदी कापताना तिच्या बुडाशी जो फुगीर गळपट्टा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापा.

आणखी एक समजूत आहे, की मुळे तुटली म्हणून शेंडाही तितकाच छाटावा. तसे करू नका. नवी मुळे फुटायला लागणारे अन्न पानेच करतात. मेलेले, मोडलेले तेवढेच काढा. पहिल्या हंगामात रासायनिक खतही नको; तुटलेल्या मुळांना ते सोसत नाही.

खरी कसोटी पाण्याची. बारीक मुळांचा मोठा भाग जुन्या खड्ड्यातच राहिलेला असतो, आणि नागपूरचा मे महिना कसा असतो, ते मी सांगायला नको. 2013 च्या मे महिन्यात येथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. म्हणून शक्य तर मृगाचा पाऊस लागताच झाड हलवावे. मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यात पाणी मुरेल असे सावकाश घाला. काळी माती वरून भेगाळलेली दिसली, तरी खाली चिखल असू शकतो. बोटभर उकरून पाहा. आळ्यात तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका. आधाराच्या काठ्या सैल बांधा आणि वर्षभराने सोडा.

पाने गळाली तरी घाईने मेले म्हणू नका. नखाने साल किंचित खरवडा; आत हिरवे दिसले तर जीव आहे. खोड जितके इंच जाड, तितकी वर्षे त्याला सावरायला लागतात, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे आठ इंची गुलमोहराला आठ उन्हाळे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाण्याची पाळी कोणाकडे, हे खड्डा खणण्यापूर्वीच ठरवून ठेवा.