नेटवर्क कार्डचा हात १ जीबीपर्यंतच पोचतो तेव्हा: बाउन्स बफर म्हणजे काय?

रॅम वाढवली की कॉम्प्युटर फास्ट होतो, असं आपण धरूनच चालतो. पण ब्रॉडकॉमच्या ४४०० सिरीजच्या इथरनेट चिपची अडचण नेमकी जास्त रॅममुळेच व्हायची. १०/१०० एमबीपीएस स्पीडची ही चिप एकेकाळी बऱ्याच लॅपटॉपमध्ये होती.

नेमका बग काय?
नेटवर्क कार्ड पॅकेटमधला डेटा स्वतःच रॅममधून उचलतं आणि रॅममध्ये ठेवतं. प्रोसेसरला मध्ये हमाली करावी लागत नाही. याला डीएमए म्हणतात. त्यासाठी कार्डला रॅममधला पत्ता द्यावा लागतो. ३२ बिटच्या पत्त्याने ४ जीबीपर्यंत पोचता येतं. या चिपला मात्र ३० बिटच जमतात, म्हणजे फक्त पहिली १ जीबी. रॅम ५१२ एमबी असेल तर हा दोष कळणारही नाही. २ जीबी टाकली, की काही पॅकेट १ जीबीच्या वर जाऊन बसतात आणि तिथे कार्डचा हात पोचत नाही.

ड्रायव्हरने काय केलं?
उंच फळीवरच्या डब्याला हात पुरत नसेल तर घरातलं कोणीतरी तो आधी ओट्यावर काढून देतं ना? लिनक्समधला 'बी४४' ड्रायव्हर तेच करतो.
१. पॅकेट पाठवण्याआधी त्याचा पत्ता तपासतो.
२. पॅकेट १ जीबीच्या पलीकडे जात असेल तर खालच्या रॅममध्ये जागा घेतो.
३. डेटा तिथे कॉपी करून नवा पत्ता कार्डला देतो.
या खालच्या जागेलाच बाउन्स बफर म्हणतात. येणाऱ्या पॅकेटसाठी जागा राखतानाही तो हेच बघतो. जागा वर मिळाली तर ती सोडून खालची मागतो.

हे फुकटात होतं का?
नाही. कॉपी करायला प्रोसेसरचा वेळ जातो. शिवाय साध्या पीसीवर लिनक्स ही जागा पहिल्या १६ एमबीमधून देतो. ती शिल्लक नसेल तर पॅकेटला थांबावं लागतं.

तुमच्या फोनशी काय संबंध?
अँड्रॉइडही लिनक्स कर्नेलवरच चालतं. विकलेल्या चिपमधलं सर्किट बदलता येत नाही, ड्रायव्हर मात्र बदलता येतो. अशी डागडुजी सिस्टम अपडेटमधूनच येते. म्हणून 'नंतर आठवण करा' हे बटण दाबण्याआधी थोडा विचार करा!