कंठग्रंथि आणि एक विदुषी

गळ्याच्या पुढल्या अंगास फुलपांखराच्या आकाराची जी ग्रंथि असते, तिच्या स्रावावर देहाची ऊब, बुद्धीची तरतरी आणि बालकांची वाढ अवलंबून असते. थायरॉईड या नांवानें घरोघर परिचित झालेल्या या ग्रंथीचें द्रव्य, थायरॉक्सिन, अमेरिकेंत केंडॉल यांनीं १९१४ मध्यें वेगळें काढलें. इंग्लंडांत हॅरिंग्टन यांनीं १९२६ मध्यें त्याची घडण ठरविली. प्रकरण येथें मिटलें, असें वाटावयास हरकत नव्हती. तें मिटलें नव्हतें हें ज्यांनीं दाखविलें, त्यांत रोझलिंड पिट-रिव्हर्स यांचा वांटा मोठा आहे.

बाईंचा जन्म १९०७ चा, लंडनचा. १९३१ मध्यें एका श्रीमंत जमीनदाराशीं विवाह झाला, एक पुत्र झाला, आणि १९३७ मध्यें संसार मोडला. दोनच वर्षांनीं त्यांनीं हॅरिंग्टन यांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळविली. पूर्वपतीचा ओढा फॅसिस्टांकडे. १९४० मध्यें सरकारनें त्यास स्थानबद्ध केलें. आणि १९४५ मध्यें याच बाई बेल्सेनच्या नाझी छावणींत, उपासमारीनें मरणोन्मुख झालेल्यांस विघटित प्रथिनें देऊन वांचवितां येतें काय, हें पाहावयास गेल्या! तो उपाय फारसा लागू पडला नाहीं.

थायरॉक्सिनच्या रेणूंत आयोडीनचे चार अणु असतात. किरणोत्सर्गी आयोडीन दिलेल्या प्राण्यांच्या रक्ताची कागदावर परीक्षा केली असतां थायरॉक्सिनच्या जोडीला एक अनोळखी डाग उमटे. कॅनडाचे जॅक ग्रॉस हें कोडें घेऊन लंडनला आले. बाईंनीं तीनच अणूंचा रेणु स्वतः घडविला, आणि तो त्या डागाशीं नेमका जुळला. १९५२ मध्यें दोघांनीं हा शोध प्रसिद्ध केला. पॅरिसला रोश व त्यांचे सहकारी त्याच सुमारास तेथेंच पोंचले होते. नवें द्रव्य थायरॉक्सिनहून कित्येक पटींनीं प्रभावी ठरलें. स्त्रियांस १९४५ पर्यंत बंद असलेलें रॉयल सोसायटीचें दार बाईंसाठीं १९५४ मध्यें उघडलें. जरा उशिराच म्हणावयाचें! १९५९ मध्यें निघालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सहलेखक मुंबईंत जन्मलेले जमशेद टाटा होते, हें आपल्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं.

थायरॉक्सिन हा केवळ सांठा असावा आणि खरें काम देहांत त्यापासून बनणारें नवें द्रव्यच करीत असावें, हा दोघांचा तर्क मात्र बराच काळ वादांत राहिला. बाई १९७२ मध्यें निवृत्त झाल्या. त्यापूर्वी दोन वर्षें, १९७० मध्यें, अमेरिकन संशोधकांस ज्यांची ग्रंथि निकामी होती आणि ज्यांना केवळ थायरॉक्सिनच दिलें जात होतें, अशा रोग्यांच्या रक्तांत तें तीन अणूंचें द्रव्य सांपडलें.