शेर, किलो आणि लिटर

मंडळी, "एक लिटर तेल म्हणजे एक किलोच ना?" हा प्रश्न आमच्या खानदेशात अजूनही ऐकू येतो. शेवभाजीवर तर्री हवी, भरताला सढळ हाताने फोडणी हवी. त्यामुळे तेल हा इथल्या घरखर्चातला मोठा आकडा. म्हणून हा थोडा इतिहास.

पूर्वी 'शेर' या एकाच शब्दाची दोन मापं होती. धान्य मापी शेराने मोजत, चार शेरांची पायली. तेल, तूप, गूळ बहुधा तराजूत, वजनी शेराने. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याखाली अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. नाव एक असलं तरी हे दोन शेर वेगळे, याची जाण घरोघरी असे.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून जुनी बंद झाली. शाळेत आम्ही शिकलो, शिकवलंही, की एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. ते खरंच आहे, पण पाण्यापुरतं! तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅमच भरतं.

गंमत बघा, जुना शेरभर तेल आणि आजचं लिटरभर तेल जवळपास सारखंच. फरक पडतो तो किलोशी. १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल असतं, तर १५ लिटरच्या डब्यात फक्त १३ किलो ६५० ग्रॅम. भाव सारखाच दिला तर जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा फटका.

त्यात आमचं ऊन! तेल तापलं की फुगतं, वजन मात्र तेवढंच राहतं. सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे पाकिटावर तापमान जास्त छापलं की कमी तेलातही 'एक लिटर' पुरा होतो. काही उत्पादक ६० अंशांपर्यंतचं तापमान छापत. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमान न छापता आकारमान आणि त्यासोबत योग्य वजन छापायला सांगितलं. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

थोडक्यात, लिटर उन्हाबरोबर बदलतो, ग्रॅम बदलत नाही. दोन दुकानांतले भाव ताडून बघायचे तर दोन्ही किलोवर आणा. लिटरच्या भावाला ०.९१ ने भागलं की किलोचा भाव मिळतो. लोणच्याचं तेल ऐन उन्हाळ्यात भरणाऱ्या सुनांनी-लेकींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

असो. तुमच्याकडे कुणाच्या माळ्यावर अजून नवटाक किंवा अच्छेराचं वजन पडलं असेल, तर जरूर कळवा.